यमकाच्या आधी क्षणभर थांबावे

फुलपाखरांचे एखादे यमकबद्ध चित्रपुस्तक लहानग्याला वाचून दाखविणे ही वरवर पाहता किरकोळ गोष्ट. पण ते पुस्तक कसे वाचले जाते, यावर मुलाच्या पदरात काय पडते हे ठरते. त्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. हवा असतो तो दहा मिनिटांचा निवांतपणा आणि ओळीच्या शेवटी थांबण्याचा संयम.

रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. कामावरून उशिरा परतलेले आई-बाबा जेवण आटोपून जरा टेकतात न टेकतात, तोच घरातले दोन-अडीच वर्षांचे मूल कोपरे दुमडलेले तेच ते पुस्तक घेऊन मांडीत येऊन बसते. हे पुस्तक काल वाचून झालेले असते, परवाही झालेले असते. कंटाळलेले पालक हळूच दोन पाने एकदम उलटतात. मूल तत्काळ हरकत घेते आणि गाळलेले पान परत आणायला लावते. ज्याला एकही अक्षर वाचता येत नाही, त्याला पान गाळल्याचे कळते तरी कसे?

चित्र हुकले, हे या प्रश्नाचे अर्धे उत्तर. उरलेले अर्धे उत्तर यमकात आहे. पहिली ओळ कानावर पडली की तिची जोडीदार ओळ कोणत्या आवाजाने संपणार, हे मुलाने मनात धरून ठेवलेले असते. तो आवाज आला नाही की त्याला काहीतरी चुकल्यासारखे वाटते. भाषा आत रुजत असल्याची ही खूण होय. शहरी घरांत मुलांसाठी पुस्तके विकत घेण्याचे प्रमाण वाढलेले दिसते. पण ती पुस्तके मुलासोबत कशी वाचावीत, याचा विचार क्वचितच होतो.

कान आधी, डोळे नंतर

मूल भाषा शिकते ती प्रथम कानाने. अक्षरओळख होण्याच्या कितीतरी आधी त्याला आवाजांतील साम्य आणि फरक जाणवू लागतो. 'अळी', 'कळी', 'पोळी' या शब्दांच्या अर्थांचा परस्परांशी काही संबंध नाही. मात्र, त्यांचा शेवट एकच आहे, हे यमक मुलाच्या लक्षात आणून देते. शब्दाचे तुकडे करता येतात, त्यातला एखादा तुकडा बदलला की नवा शब्द तयार होतो, ही समज येथून सुरू होते. मानसशास्त्रज्ञ तिला 'ध्वनिजाणीव' म्हणतात. पुढे अक्षरे जुळवून वाचताना आणि शब्द फोडून लिहिताना हीच जाणीव कामी येते.

ऑक्सफर्ड येथील पीटर ब्रायंट, लिनेट ब्रॅडली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६४ मुलांचा सुमारे सव्वातीन वर्षे वयापासून सव्वासहा वर्षांपर्यंत मागोवा घेतला होता. त्यांचे निष्कर्ष १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. लहान वयात ज्या मुलांना बालगीते अधिक ठाऊक होती, ती पुढील तीन वर्षांत वाचनात आणि शब्दलेखनात अधिक यशस्वी ठरली. घरची सामाजिक परिस्थिती आणि बुद्ध्यंक यांतील फरक हिशेबात धरल्यानंतरही हा संबंध टिकून राहिला.

ही मुले इंग्रजी बोलणारी होती. देवनागरीची घडण निराळी आहे. आपल्या लिपीत शब्दाचे तुकडे अक्षरागणिक पडतात. 'स-का-ळी', 'पा-ख-रू' असे टाळ्या वाजवीत शब्द मोडण्याचा खेळ त्यामुळे मराठीत अगदी सहज जमतो. बडबडगीते म्हणत नातवंडांना पायांवर झुलविणाऱ्या आज्या हे काम नकळत करीतच आल्या आहेत. यमकबद्ध चित्रपुस्तक म्हणजे त्याच परंपरेला मिळालेली चित्रांची जोड, असे म्हणता येईल.

थांबण्यातील मर्म

मात्र, यमक असलेले पुस्तक भराभर वाचून संपविले तर त्याचा निम्मा उपयोग वाया जातो. अमेरिकेतील संशोधक कर्स्टन रीड यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास याबाबत बोलका आहे. त्यांनी बालवाडीच्या वयाच्या मुलांना गोष्टीच्या पुस्तकांतून विचित्र प्राण्यांची अनोळखी नावे ऐकविली. जे नाव यमकाच्या जागी, म्हणजे आधीच्या ओळीवरून ज्याचा अंदाज बांधता येईल अशा ठिकाणी आले, ते मुलांच्या अधिक लक्षात राहिले. शिवाय, त्या नावाच्या आधी पालक वाचताना क्षणभर थांबले, तर त्या थांबण्याचाही लाभ झाल्याचे दिसले.

याचे कारण समजण्यास कठीण नाही. थांबल्यामुळे मुलाला पुढच्या शब्दाचा अंदाज बांधण्यास वेळ मिळतो. अंदाज खरा ठरला तर आनंद होतो, चुकला तर खरा शब्द अधिक ठसठशीतपणे लक्षात राहतो. उदाहरणादाखल अशा दोन ओळी घेता येतील:

लिंबाच्या पानावर हिरवी अळी,
भूक लागली तिला सकाळी सकाळी.

पहिल्या दिवशी या ओळी पूर्ण वाचाव्यात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी 'सकाळी स...' येथे थांबून मुलाकडे पाहावे. ते शब्द पूर्ण करेल, कदाचित बोबडा करेल किंवा नुसतेच हसेल. तिन्ही उत्तरे चालतील. तीन-चार सेकंदांची शांतता मोठ्या माणसाला फार लांब वाटते. परंतु मुलाला शब्द शोधून ओठांवर आणण्यासाठी तेवढा अवधी लागतोच. ती शांतता भरून काढण्याची घाई करू नये.

मराठीपुरती एक बाब येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. आपल्या वाक्यात क्रियापद सहसा शेवटी येते. त्यामुळे मराठी बालगीतांत यमक पुष्कळदा क्रियापदावर पडते: 'उडते–दडते', 'बसते–हसते', 'येते–जाते'. मुलाने पूर्ण करावयाचा शब्द असा कृतीचा असतो आणि तो त्याला करूनही दाखविता येतो. 'उडते' म्हणताना हात पसरावेत, 'दडते' म्हणताना उशीमागे तोंड लपवावे. शब्द, आवाज आणि हालचाल एकत्र आल्यावर तो शब्द सहसा विसरला जात नाही.

पुन्हा तेच पुस्तक

त्याच त्या पुस्तकाचा हट्ट हा पालकांच्या नेहमीच्या तक्रारीचा विषय. घरात वीस पुस्तके असताना मूल एकालाच चिकटून बसते, तेव्हा त्याची जिज्ञासा कमी पडते की काय, अशी शंका काहींना येते. ही शंका अनाठायी आहे. ब्रिटनमधील ससेक्स विद्यापीठात जेसिका हॉर्स्ट आणि सहकाऱ्यांनी तीन वर्षे वयाच्या मुलांवर केलेला अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. काही मुलांना तीच गोष्ट पुन:पुन्हा, तर काहींना वेगवेगळ्या गोष्टी ऐकविण्यात आल्या. नवे शब्द दोन्ही गटांच्या कानावर सारख्याच वेळा पडले. तरीही तीच गोष्ट ऐकणाऱ्या मुलांनी अधिक शब्द आत्मसात केले.

पहिल्या वाचनात मुलाचे लक्ष चित्रात काय घडते आहे याकडे असते. घटना ओळखीची झाली की लक्ष शब्दांकडे वळते आणि त्यानंतर शब्दांतील बारकाव्यांकडे. 'पंख मिटले' आणि 'पंख मिटवले' यांतला फरक पहिल्या रात्री कानावरून जातो, दहाव्या रात्री तो ध्यानात येऊ शकतो. त्यामुळे पुस्तक मागणाऱ्या मुलाला 'कालच तर वाचलं' असे उत्तर देण्याऐवजी त्या रात्री पुस्तकातील एखादी वेगळी गोष्ट टिपावी. काल अळी पाहिली, तर आज तिने कुरतडलेल्या पानाची भोके मोजावीत.

वाचन कमी, गप्पा जास्त

मुलासोबत पुस्तक वाचण्याच्या पद्धतीवरील संशोधनात १९८८ हे वर्ष महत्त्वाचे मानले जाते. न्यूयॉर्क राज्यातील स्टोनी ब्रुक येथील मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन-तीन वर्षे वयाच्या मुलांच्या पालकांचे दोन गट केले. दोन्ही गट घरी पुस्तके वाचून दाखवीत होते. एका गटाला मात्र वाचता वाचता मुलाला बोलते कसे करावे, हे शिकविण्यात आले. अवघ्या महिनाभरानंतर या गटातील मुले बोलण्याच्या चाचण्यांत लक्षणीयरीत्या पुढे गेली होती. नऊ महिन्यांनी पाहिले तेव्हा हा फरक कमी झाला होता, पण पुसला गेला नव्हता.

या पद्धतीला 'संवादी वाचन' म्हणता येईल. तिचे सार एवढेच की, पुस्तकाची गोष्ट हळूहळू मुलाने सांगावी आणि मोठ्या माणसाने ऐकावी. त्यासाठी पाच प्रकारांनी मुलाला बोलते करता येते. पहिला प्रकार ओळ पूर्ण करायला लावण्याचा. यमकबद्ध पुस्तकात तो आपोआपच साधतो. दुसरा आठवणीचा: 'मागच्या पानावर अळी कुठे बसली होती?' तिसरा मोकळ्या प्रश्नाचा: 'या चित्रात काय काय चाललंय?' चौथा 'कोण, काय, कुठे, का' विचारण्याचा. पाचवा पुस्तकाला मुलाच्या आयुष्याशी जोडण्याचा: 'आजीकडे गेलो होतो तेव्हा असंच पिवळं फुलपाखरू आलं होतं ना? ते कशावर बसलं होतं?'

मुलाने उत्तर दिल्यानंतर त्याच्या शब्दात थोडी भर घालावी. मूल चित्रावर बोट ठेवून 'पाखलू!' म्हणते. त्यावर 'हो, फुलपाखरू! पिवळं फुलपाखरू जास्वंदीवर बसलंय,' असे म्हणावे आणि त्याला ते म्हणण्याची संधी द्यावी. 'पाखलू नाही, नीट बोल,' अशी दुरुस्ती करू नये. बरोबर शब्द त्याच्या कानावर पडला, तेवढे पुरेसे आहे.

एका पानावर एक-दोन प्रश्न ठीक. प्रत्येक ओळीला प्रश्न विचारून वाचनाची तोंडी परीक्षा करून टाकली, की मूल मांडीवरून उठून जाते. 'हा कोणता रंग? किती पंख? इंग्रजीत काय म्हणतात?' हा मारा पाहुण्यांसमोर मुलाला मिरवण्याच्या हौसेतून घरोघरी चालतो. त्याने पुस्तकाची गोडी वाढण्याऐवजी आटते.

दोनशे वर्षांपूर्वीची मेजवानी

लहानांचे पुस्तक हे आधी आनंदासाठी असावे, हा विचार ज्या पुस्तकांनी रुजविला त्यांतील एक पुस्तक योगायोगाने फुलपाखराचेच आहे. इंग्लंडमधील लिव्हरपूलचे इतिहासकार आणि खासदार विल्यम रॉस्को यांनी आपल्या लहानग्या मुलासाठी कीटकांच्या मेजवानीची एक यमकबद्ध कविता रचली. ती १८०६ च्या नोव्हेंबरमध्ये एका नियतकालिकात छापली गेली आणि १८०७ मध्ये लंडनचे प्रकाशक जॉन हॅरिस यांनी विल्यम मलरेडी यांच्या चित्रांसह पुस्तकरूपाने काढली. 'द बटरफ्लाय्ज बॉल अँड द ग्रासहॉपर्स फीस्ट' हे तिचे नाव. फुलपाखराच्या आणि नाकतोड्याच्या निमंत्रणावरून सारे किडे-मुंग्या जमतात, खातात-पितात, नाचतात आणि अंधार पडल्यावर घरोघर जातात, एवढाच तिचा विषय.

त्या काळी मुलांची पुस्तके प्रामुख्याने सदाचाराचे धडे देणारी असत. रॉस्को यांच्या पुस्तकात कोणताही धडा नव्हता. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध संसदेत उभे राहणाऱ्या या माणसाने मुलासाठी लिहिताना मात्र त्याला काही शिकविण्याचा आग्रह धरला नाही. पुस्तक अतिशय लोकप्रिय झाले आणि त्याच्या धर्तीवर अनेक पुस्तके निघाली. पुस्तक मुलाला आवडले तरच ते दुसऱ्यांदा उघडले जाते, हे त्यातून प्रकाशकांनाही उमगले. मराठीतही ग. ह. पाटील यांची फुलपाखरावरील कविता पिढ्यान् पिढ्या मुलांच्या तोंडी राहिली, ती तिच्या गोडव्यामुळेच.

चित्रातले आणि खरे

चित्र म्हणजे खऱ्या वस्तूची आठवण करून देणारी खूण, हे मोठ्यांना उघड वाटते. मुलाला ते शिकावे लागते. अमेरिकी संशोधक ज्युडी डिलोश आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवून दिले, की नऊ महिन्यांची बाळे छायाचित्रातील वस्तू कागदावरून उचलण्याचा प्रयत्न करतात. सुमारे १९ महिन्यांच्या मुलांत मात्र ही धडपड मागे पडून बोट दाखविणे सुरू झालेले असते. तेव्हा बाळाने पुस्तकातील फुलपाखरू चिमटीत धरू पाहिले, पान चुरगाळले किंवा तोंडात घातले, तर रागावण्याचे कारण नाही. ते चित्र म्हणजे काय, याचाच शोध घेत असते. या वयासाठी जाड पुठ्ठ्याची पाने असलेली पुस्तके निवडावीत.

चित्र कसे आहे, यालाही महत्त्व आहे. पॅट्रिशिया गॅनिया, डिलोश आणि सहकाऱ्यांच्या २००८ मधील अभ्यासात १५ व १८ महिन्यांच्या मुलांना पुस्तकात शिकलेले नाव खऱ्या वस्तूला लावणे वास्तवाशी मिळत्याजुळत्या चित्रांवरून अधिक सोपे गेले, व्यंगचित्रासारख्या चित्रांवरून कठीण. गॅनिया यांच्याच २०१४ मधील अभ्यासात प्राण्यांना माणसासारखे वागताना-बोलताना दाखविणाऱ्या पुस्तकांतून मुलांनी त्या प्राण्यांविषयीची खरी माहिती कमी घेतली आणि माणसांचे गुण त्यांना अधिक चिकटविले.

याचा अर्थ झगा घातलेल्या, डोळे मिचकावणाऱ्या फुलपाखराला घरात मज्जाव करावा, असा नव्हे. कल्पनेतल्या फुलपाखराच्या जोडीला एखादे खऱ्यासारखे चित्र असावे. चार पंख, सहा पाय, डोक्यावरच्या मिशा आणि घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली सोंड ज्यात नीट दिसते, असे एक तरी पुस्तक हाताशी हवे.

ते अंडे, ती अळी, तो कोष

फुलपाखरांच्या बहुतेक पुस्तकांत अंडे, अळी, कोष आणि फुलपाखरू असा क्रम असतो. मराठीत या चार शब्दांत व्याकरणाची एक गंमत दडली आहे. ते अंडे, ती अळी, तो कोष आणि पुन्हा ते फुलपाखरू. एकच जीव तिन्ही लिंगांतून फिरून येतो. दोन-तीन वर्षांची मुले 'तो-ती-ते' यांत वारंवार अडखळतात. 'ती अळी झोपली, तो कोष लटकला, ते फुलपाखरू उडालं' असे लयीत म्हटले, की नियम न सांगता तो कानात बसतो. 'फूल' आणि 'पाखरू' हे दोन ओळखीचे शब्द जोडून 'फुलपाखरू' झाले आहे, हेही अडीच-तीन वर्षांच्या मुलाला सांगून पाहण्यासारखे आहे.

शब्दांबाबत एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. अनेक पुस्तकांत फुलपाखराच्या अळीला सरसकट 'सुरवंट' म्हटलेले असते. मराठीत सुरवंट हा मुख्यत: अंगावर केस असलेल्या अळीसाठी वापरला जाणारा शब्द. अशा केसाळ अळ्यांपासून बहुधा पतंग तयार होतात. पावसाळ्यात शेवग्याच्या खोडावर सुरवंटांचे पुंजके दिसतात, ते पतंगाचेच. त्यांच्या केसांनी अंगाला खाज सुटते आणि पुरळ उठते. सुरवंटाचे सुंदर फुलपाखरू होते, एवढेच शिकलेले मूल त्यांना प्रेमाने हात लावू शकते. म्हणून पुस्तकात 'सुरवंट' असले, तरी वाचताना 'अळी' म्हणावे आणि केसाळ अळीला हात लावायचा नाही, हे जाता जाता सांगून ठेवावे.

जगभर वाचल्या जाणाऱ्या एरिक कार्ल यांच्या १९६९ च्या खादाड अळीच्या पुस्तकातही असाच एक शब्द वादाचा ठरला. त्यातील फुलपाखरू रेशमी वेष्टणातून बाहेर येते, तर असे वेष्टण प्रामुख्याने पतंग विणतात. मराठीत दोहोंना 'कोष'च म्हणत असल्याने ही अडचण आपल्याकडे उद्भवत नाही. कार्ल यांचे पुस्तक यामुळे त्याज्य ठरत नाही; त्याच्या भोकांतून बोट घालण्याचा आनंद मुलांना मिळतोच. मुलाचे वय वाढल्यावर या फरकाची गोष्टही सांगता येईल.

पानावरून कुंडीकडे

पुस्तकातील फुलपाखरू खरे पाहायला मिळाले, तर वाचलेल्या शब्दांना अर्थ येतो. त्यासाठी अभयारण्य गाठण्याची गरज नाही. सदनिकेच्या गॅलरीतील कढीपत्त्याची किंवा लिंबाची कुंडी पुरेशी ठरू शकते. 'कॉमन मॉर्मन' आणि 'लाइम' ही आपल्याकडे सर्रास आढळणारी फुलपाखरे याच कुळातील झाडांवर अंडी घालतात. अंडी मोहरीपेक्षाही लहान असतात. त्यांतून निघालेली अळी सुरुवातीला पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. शत्रूला फसविण्याची ही युक्ती. पुढे ती हिरवीगार होते. तिला डिवचले, तर डोक्यामागून दुभंगलेले नारिंगी-लाल शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा सारा प्रवास साधारण महिनाभराचा.

रुईवर 'प्लेन टायगर', पानफुटीवर 'रेड पिएरो' अशा प्रत्येकाच्या आवडी ठरलेल्या. लिंबाच्याच कुळावर वाढणारे 'ब्लू मॉर्मन' हे मोठे, निळे-काळे फुलपाखरू महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून घोषित केले. असे फुलपाखरू जाहीर करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य. मराठीत त्याला 'राणी पाकोळी' आणि 'नीलवंत' ही नावे लाभली आहेत. पावसाळा ओसरतानाचे महिने फुलपाखरे पाहण्यास सर्वांत चांगले.

यात घराला एक छोटी किंमत मोजावी लागते. कढीपत्त्याच्या कोवळ्या पानांवर अळीचा आणि फोडणीचा सारखाच हक्क असतो. एका बाजूला पुस्तकात अळीचे कौतुक करायचे आणि दुसऱ्या बाजूला कुंडीतल्या अळीवर औषध फवारायचे, ही विसंगती मुलाच्या नजरेतून सुटत नाही. एखादी फांदी अळीसाठी राखून ठेवावी. कोष फुटताना मदतीचा मोह मात्र टाळावा. बाहेर आलेल्या फुलपाखराचे पंख ओले आणि चुरगळलेले असतात. शरीरातील द्रव पंखांत भरून ते ताठ होईपर्यंत ते लटकून राहते. अशा वेळी बोट लागले, तर पंख कायमचे अधू होऊ शकतात. येथेही थांबायचेच असते, फक्त या वेळी मुलाने.

कोणत्या भाषेत?

मोठ्या शहरांतील पुस्तकांच्या दुकानांत लहान मुलांच्या कप्प्यावर इंग्रजी पुस्तकांचा वरचष्मा दिसतो. ती देखणी असतात, यमकेही चपखल असतात. परिणामी मराठी घरातील मुलाला इंग्रजी फुलपाखराचा शब्द आधी येतो आणि अळी, कोष, पराग, देठ हे शब्द कानावर पडतच नाहीत. घरी बोलले न जाणारे शब्द एका पिढीत घरातून नाहीसे होतात. आजी ज्या शब्दांत बोलते, ते नातवाला परके होतात, ही हानी लहान नाही.

इंग्रजी पुस्तक दूर सारण्याचे कारण नाही. इंग्रजी ओळ इंग्रजीतच, तिच्या यमकासह वाचावी; तिचे शब्दश: भाषांतर करीत बसू नये, कारण त्यात यमक मोडते आणि मुलाच्या हाती काहीच लागत नाही. चित्राविषयीच्या गप्पा मात्र खुशाल मराठीत माराव्यात. त्याच्या जोडीला मूळ मराठीतील पुस्तके घरात असावीत. माधुरी पुरंदरे यांच्यासारख्या लेखिका-चित्रकर्तीने मराठी चित्रपुस्तकाला प्रतिष्ठा मिळवून दिली आहे. ज्योत्स्ना प्रकाशन, १९५७ मध्ये स्थापन झालेला नॅशनल बुक ट्रस्ट आणि २००४ पासून कार्यरत असलेली प्रथम बुक्स यांची मराठी पुस्तके उपलब्ध आहेत. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेल्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठी चित्रकथा विनामूल्य वाचता येतात. परदेशी राहणाऱ्या नातवंडांसाठी आजी-आजोबांनी तेच पुस्तक हातात धरून व्हिडीओ कॉलवर वाचावे आणि यमकाच्या आधी थांबावे. समुद्रापलीकडूनही उत्तर येते.

पडद्यावरील पुस्तकाबाबत मात्र थोडे जपून राहावे. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या टिफनी मुन्झर आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये ३७ पालक-बालक जोड्यांचे निरीक्षण प्रसिद्ध केले. छापील पुस्तक हाती असताना दोघांत अधिक बोलणे झाले, टॅब्लेटवरील पुस्तक पाहताना कमी. बोट लावताच फडफडणारे फुलपाखरू मुलाला गुंतवून ठेवते. पण पुस्तकाचा खरा लाभ ज्या गप्पांतून होतो, त्याच त्यामुळे कमी होतात.

थोडक्यात, पुस्तक पातळ असले तरी चालेल, चित्रे मोजकी असली तरी चालतील. ते हाती धरून दोघांनी एकाच पानाकडे पाहणे महत्त्वाचे. वाचनाची वेळ शक्यतो ठरलेली असावी, फोन दुसऱ्या खोलीत असावा आणि मूल कंटाळले तर अर्ध्यावर पुस्तक मिटण्याची मुभा असावी.

असे काही महिने गेले, की एके रात्री मूल पुस्तक स्वत:च्या हातात घेते. अक्षर येत नसले तरी पाने उलटत ते मोठ्याने 'वाचू' लागते; कुठे ओळ गाळते, कुठे पदरची घालते. मग ओळीच्या अखेरीस थांबून ते आईच्या किंवा बाबांच्या तोंडाकडे पाहते. शब्द पूर्ण करण्याची पाळी आता त्यांची असते.